कर्बचक्राचा डाव



पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पेण स्थानक सोडते, त्यानंतर कासू लागते आणि मग नागोठणे. या टापूतील मुलाच्या नजरेसमोर एका बाजूला डोंगर असतो आणि दुसऱ्या बाजूला अंबा नदी व धरमतरच्या खाडीकडे पसरत गेलेला खारेपाट. वैशाखात राब भाजल्याचा धूर त्याने पाहिलेला असतो. पावसाळ्यात आवण उपटताना तो आईबरोबर चिखलात उभा राहिलेला असतो. उधाणाच्या रात्री घरातील कर्ती माणसे बांधाकडे का जातात, हेही त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. बांधाला खांड पडली आणि खारे पाणी आत शिरले, की शेताची पुढची काही वर्षे कशी जातात, हे त्याने घरात ऐकलेले असते.

हेच मूल नववीत गेले की विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात त्याला ‘कार्बन चक्र’ भेटते. एक आकृती असते. तीत झाड, प्राणी, कारखाना आणि समुद्र असतात आणि त्यांना जोडणारे बाण असतात. मूल ती आकृती वहीत उतरवते, नावे देते आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. परंतु वैशाखातला राब, शेतातला चिखल आणि खाडीचा बांध या तिन्ही गोष्टी त्या आकृतीत आहेत, हे त्याच्या ध्यानात येतेच असे नाही. घरच्या मृदा आरोग्य पत्रिकेतील ‘सेंद्रिय कर्ब’ आणि पुस्तकातील ‘कार्बन’ हे एकच होत, हेसुद्धा पुष्कळदा कोणी त्याला सांगितलेले नसते. ही दरी खेळाच्या साहाय्याने कशी भरून काढता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आकृतीत काय उणे राहते

आकृती चुकीची नसते, पण तिच्यात तीन गोष्टी उतरत नाहीत. पहिली गोष्ट काळ. भाताच्या पानात शिरलेला कर्ब काही महिन्यांत परत हवेत जाऊ शकतो, मातीत मुरलेला कित्येक वर्षे राहतो आणि खडकाच्या थरांत गाडला गेलेला कोट्यवधी वर्षे तेथेच पडून असतो. कागदावर मात्र हे सर्व बाण सारख्याच लांबीचे दिसतात. दुसरी गोष्ट परिमाण. कोठे किती साठा आहे आणि कोठून किती जातो, हे बाण सांगत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मूळस्थान. राबाच्या धुरातील कर्ब आणि डिझेलच्या धुरातील कर्ब हवेत गेल्यावर एकसारखेच असतात, पण पहिला काही काळापूर्वीच हवेतून झाडात आलेला असतो आणि दुसरा युगानुयुगे चक्राबाहेर राहिलेला असतो.

या उणिवा केवळ शाळकरी मुलांच्या समजुतीतच राहतात असे नाही. जॉन स्टर्मन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन २००७ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. हवेत दरवर्षी सोडला जाणारा कर्ब वाढू न देता आहे तेथेच ठेवला, की हवेतील साठाही स्थिर होईल, अशी त्यांतील बहुसंख्यांची समजूत दिसून आली. खारेपाटातील शेतकरी ही चूक करणार नाही. बंदिस्तीच्या आत ओढ्याचे पाणी येत असते आणि ओहोटीला उघाडीतून ते बाहेर जात असते. येणारे पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक असेल, तर ओढ्याला पूर वाढत नसला तरी शेतातील पाणी चढतच राहते. उघाडीचे हे गणित मुलाच्या अंगणातले आहे. तेच हवेला लावायला त्याला शिकवायचे आहे.

मैदानावरचा डाव

खेळातून शिकवणे ही आपल्याकडे नवी कल्पना नव्हे. पापपुण्याची शिकवण सोंगट्यांच्या खेळातून देणारा मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासमवेत कोसबाडच्या टेकडीवर ते कार्य वाढवले. शिंपले, बिया, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंनाच त्यांनी शैक्षणिक साधनांचा दर्जा दिला. कर्बचक्राच्या डावालाही याहून महाग साहित्य लागत नाही. मैदान, फक्की, पुठ्ठ्याचे चार डबे, कागदाच्या चिठ्ठ्या, नऊ लाल फिती आणि एक शिट्टी एवढे पुरे.

मैदानावर फक्कीने पाच वर्तुळे आखावीत : हवा, भात व झाडे, माती, खाडी व समुद्र आणि भूगर्भ. वर्गात छत्तीस मुले आहेत असे धरू. प्रत्येक मूल म्हणजे कर्बाचा एक कण. आठ मुले हवेत, पाच भात व झाडांत, सहा मातीत, आठ खाडीत आणि नऊ भूगर्भात बसवावीत. भूगर्भ सोडून प्रत्येक वर्तुळात सहा चिठ्ठ्यांचा एक डबा ठेवावा. शिट्टी वाजली की प्रत्येकाने चिठ्ठी काढून वाचावी, ती परत डब्यात टाकावी आणि चिठ्ठी सांगेल तिकडे जावे.

हवेच्या डब्यात दोन चिठ्ठ्यांवर ‘भाताच्या पानात शिरा’, दोनांवर ‘समुद्राच्या पाण्यात विरघळा’ आणि दोनांवर ‘थांबा’ असे लिहावे. भात व झाडे यांच्या डब्यातील एक चिठ्ठी म्हणेल, ‘बैलाने पेंढा खाल्ला, श्वासावाटे हवेत चला.’ दुसरी म्हणेल, ‘कवळ तोडून राब भाजला, धुरावाटे हवेत चला.’ तिसरी म्हणेल, ‘मूळ शेतात राहिले, मातीत चला.’ उरलेल्या तीन ‘थांबा’ म्हणतील. मातीच्या डब्यात एकच चिठ्ठी हवेकडे पाठवील, कारण मातीतील जिवाणू कुजवण्याचे काम सावकाश करतात. पाच चिठ्ठ्या ‘थांबा’ म्हणतील. खाडीच्या डब्यात दोन चिठ्ठ्या हवेच्या आणि चार थांबण्याच्या असाव्यात. भूगर्भातील नऊ मुलांना चिठ्ठीच नाही. त्यांनी स्वस्थ बसून राहायचे आहे.

पहिल्या नऊ फेऱ्या अशा खेळाव्यात. प्रत्येक फेरीनंतर हवेत किती मुले उभी आहेत, ते एकाने फळ्यावर लिहावे. आकडा कधी सहा होईल, कधी दहा, पण सरासरी आठच्या आसपास राहील. मुले सारखी धावत असूनही वर्तुळांतील संख्या फारशी का बदलत नाही, हा पहिला प्रश्न येथे विचारावा. ‘जितके येतात तितकेच जातात’ हे उत्तर मुलांकडूनच आले पाहिजे.

नंतर भूगर्भाचे दार उघडावे. दर फेरीला एक मूल मनगटाला लाल फीत बांधून हवेत येईल. येताना त्याने आपण कोण ते सांगावे : विजेसाठी जाळलेला दगडी कोळसा, एस. टी. गाडीचे डिझेल, स्वयंपाकाचा गॅस. नऊ फेऱ्यांत भूगर्भ रिकामा होतो. त्यानंतर कोणालाही न सोडता आणखी नऊ फेऱ्या खेळाव्यात. हवेतील सरासरी आता आठवर राहत नाही. ती बहुधा दहा-अकराच्या घरात जाते. शेवटच्या शिट्टीला सर्वांनी जागच्या जागी थांबावे आणि लाल फिती मोजाव्यात. काही फिती हवेत, काही भातात, काही खाडीत, तर एखादी मातीत सापडेल. भूगर्भात मात्र एकही परतलेली नसेल, कारण कोणत्याही डब्यात तशी चिठ्ठीच नाही. खडकांच्या घडणीतून निसर्ग तो मार्ग उघडा ठेवतो. परंतु त्याला लागणारा काळ मनुष्याच्या हिशेबात बसणारा नाही.

एखाद्या फेरीत हवेतील आकडा एकदम खाली येईल आणि मुले म्हणतील, ‘गुरुजी, कमी झाला!’ ही संधी सोडू नये. एका फेरीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, अनेक फेऱ्यांची सरासरी पाहायची असते. एका वर्षी थंडी अधिक पडली म्हणून हवामान बदलत नाही असे म्हणता येत नाही, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे मुलाला येथे स्वतःच्या फळ्यावर दिसते.

चिंचोक्यांचा हिशेब

मैदानावरचा डाव कल दाखवतो, खरे आकडे दाखवत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात चिंचोके मांडावेत. एक चिंचोका म्हणजे १० अब्ज टन कर्ब. यंत्रयुगापूर्वी, १७५० च्या सुमारास, हवेत सुमारे ५९ चिंचोके होते. आज सुमारे ९० आहेत. जगातील सर्व झाडाझुडपांत सुमारे ४५, मातीत त्याच्या तिपटीहून अधिक, आणि समुद्रात सुमारे ३,८००. समुद्रासाठी कोपऱ्यात एक पोतेच ठेवावे लागेल.

जमिनीवरील वनस्पती दरवर्षी १२ ते १४ चिंचोके हवेतून उचलतात आणि वनस्पतींचा श्वास, प्राणी, कुजणे व आग या वाटांनी जवळजवळ तितकेच परत येतात. कोळसा, तेल आणि वायू जाळून मनुष्य दरवर्षी भूगर्भातून सुमारे एक चिंचोका वर आणतो. बारांपुढे एकाची ती काय मातब्बरी, असे मूल विचारील आणि त्याने ते विचारलेच पाहिजे. उत्तर उघाडीत आहे. बारा येतात तसे बारा जातात. हा एक फक्त येतो. चार वर्षांत असे चार चिंचोके वर आले, तर ढोबळमानाने दोन हवेत राहतात, एक समुद्र घेतो आणि एक जमिनीवरील झाडे व माती घेतात. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांतील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. उन्हाळा-पावसाळ्याबरोबर हा आकडा दरवर्षी थोडा खालीवर होतो, पण चढण कधी थांबलेली नाही.

या चढणीचा शेवट खारेपाटाच्या बांधापाशी येतो. तापलेले पाणी फुगते आणि जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्राला मिळते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. वीतभर ही वाढ शांत दिवशी जाणवत नाही. उधाण आणि वारा एकत्र आले की बांधाच्या माथ्यावरून पाणी पलीकडे पडणार की नाही, हे तेवढ्या वितीवरही ठरू शकते.

दोष कोणाला द्यावा

या डावात एक धोका आहे आणि शिक्षकाने तो आधीच ओळखलेला बरा. ‘जाळले की हवेत जाते’ एवढेच शिकून मूल घरी गेले, तर राब भाजणारा बाप आणि कोळशाच्या भट्टीवर राबणारे कातकरी कुटुंब हेच त्याच्या लेखी हवामानाचे गुन्हेगार ठरतील. तसा धडा शास्त्राच्या दृष्टीने अपुरा आणि माणुसकीच्या दृष्टीने अन्यायाचा होईल. लाल फीत यासाठीच आहे. राबाच्या धुराला फीत नाही. तो कर्ब हवेतूनच आला होता आणि कवळ तोडलेले झाड पुन्हा फुटले, तर बव्हंशी तेथेच परत जाईल. झाड पुन्हा फुटले नाही किंवा जंगलच उठले, तर मात्र तो हवेत उरतो. फीत बांधलेल्या कर्बाचा मोठा भाग जगातील शहरे, कारखाने, वीजकेंद्रे आणि वाहने यांतून येतो, एस. टी. आणि गॅस यांच्या रूपाने त्यातील लहानसा वाटा कासूच्या घरापर्यंतही पोहोचतो. हा फरक मुलाला नेमका सांगता आला, तरच डाव यशस्वी झाला असे समजावे.

याचा अर्थ राबाबद्दल बोलूच नये असा नाही. पाला आणि शेण जाळल्याने शेतात मुरू शकणारा कर्ब वाया जातो, ही शेतकऱ्याच्या हिताची बाब आहे. डावाचा तिसरा भाग त्यासाठीच ठेवावा. मुलांनी गटागटाने चर्चा करून कोणतीही एक चिठ्ठी बदलावी. समजा, एका गटाने ‘राब भाजला’ ही चिठ्ठी काढून ‘पाला शेतात कुजवला, मातीत चला’ अशी चिठ्ठी टाकली. आणखी पुष्कळ फेऱ्या खेळल्यावर मातीचे वर्तुळ भरत जाते आणि हवेतील सरासरी अकराच्या जवळून नवाकडे उतरते. जुन्या आठवर ती येत नाही. माती मदत करते, पण नऊ लाल फितींची भरपाई एकटी माती करू शकत नाही, हे मुले स्वतः मोजून सांगतील. याच रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र हे अशा बदललेल्या चिठ्ठीचे जिवंत उदाहरण आहे. त्यात गादीवाफ्यांवर भात पेरतात, चिखलणी व लावणी करीत नाहीत आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात.

दुसरा एखादा गट ‘कांदळवनाचा चिखल’ असे नवे वर्तुळ मागेल. ही मागणी मान्य करावी. भरतीच्या चिखलात हवा पोहोचत नसल्याने तेथे गाडला गेलेला पाला फार हळू कुजतो. म्हणून त्या डब्यात ‘थांबा’ याच चिठ्ठ्या अधिक असाव्यात. महाराष्ट्राने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरवला. बांधाबाहेर उभी असलेली कांदळ लाटेचा जोर मोडतात, हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेच. ती कर्बही धरून ठेवतात, ही त्यात नवी भर. तिसरा गट नागोठण्याच्या पेट्रोरसायन उद्योगाविषयी विचारील. मुंबई हायच्या समुद्रतळाखालून आलेल्या वायूतील कर्ब तेथे प्लास्टिकच्या कच्च्या मालात बांधला जातो. वर्गातील प्लास्टिकची खुर्ची म्हणजे फीत बांधून थांबलेले मूल होय. ती जाळली की ते मूल हवेत जाते.

पंचायत आणि प्रशासन यांचे काम

केवळ माहिती ऐकल्याने जे घडत नाही ते भूमिका घेऊन खेळल्याने घडू शकते, याला आधार आहे. ‘वर्ल्ड क्लायमेट’ या वाटाघाटीच्या खेळाचा आठ देशांतील २,०४२ सहभागींवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. खेळानंतर ८१ टक्के सहभागींची हवामानासाठी काही करण्याची प्रेरणा वाढलेली आढळली. मात्र खेळ संपल्यावर चर्चा आणि हिशेब झाला नाही, तर उरते ती केवळ धावपळ. म्हणून डावाला दोन तासिका आणि हिशेबाला एक, असा वेळ वेळापत्रकातच राखून ठेवावा. पट कमी असेल तेथे एकेका मुलाने दोन कणांचे काम करावे. धावू न शकणाऱ्या मुलाकडे फळ्यावरची नोंद द्यावी. सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

पनवेलची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि केंद्रप्रमुख यांनी शिक्षण परिषदेत हा डाव शिक्षकांकडूनच एकदा खेळवून घ्यावा. चिठ्ठ्या मात्र तयार छापून पाठवू नयेत. कासूच्या डब्यात राब आणि खाडी असेल, तर मराठवाड्यातील शाळेच्या डब्यात तुराट्या आणि कोरडवाहू रान असेल. त्या गावाने लिहायच्या चिठ्ठ्या मुंबईत लिहिल्या गेल्या, तर डाव पुन्हा पाठ्यपुस्तकातील आकृतीसारखाच परका होईल. कृषी सहायकांनी एका तासाला येऊन मृदा आरोग्य पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा रकाना मुलांना वाचून दाखवावा. प्रत्येक मुलाने आपल्या घरची पत्रिका आणावी. २०२० साली सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात ग्रामपंचायती भाग घेत आल्या आहेत. तशा उपक्रमांच्या फलकांशेजारी मुलांच्या फळ्याची एक प्रत पंचायतीच्या भिंतीवर लागली, तर ती पाहायला पालक येतील.

त्याहून पुढची सूचना अशी की, डावाचा तिसरा भाग एकदा ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या मैदानावर व्हावा. कोणती चिठ्ठी बदलायची, ते मुलांनी सुचवावे आणि ती बदलणे आपल्याला परवडते का, ते मोठ्यांनी सांगावे. राब सोडायचा तर आवण कसे होईल, तणाचे काय करायचे, कांदळ राखायची तर सरपण कोठून आणायचे, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे पुस्तकात नाहीत. काही उत्तरे कृषी खात्याकडे असतील, काही गावातील वृद्धांकडे, काही कोणाकडेच नसतील. मुलांच्या प्रश्नांना ‘अजून मार्ग सापडलेला नाही’ असे उत्तर देणेही त्या सभेत कमीपणाचे मानू नये.

आज मनगटाला लाल फीत बांधून हवेच्या वर्तुळात उभी राहणारी मुले काही वर्षांनी याच पंचायतीत सदस्य म्हणून बसतील. बांध किती उंच बांधायचा, कांदळ तोडू द्यायची की नाही, पंप डिझेलवर चालवायचा की सौर विजेवर, हे त्यांनाच ठरवावे लागेल. त्या वेळी आकृतीतील बाण त्यांना आठवतील किंवा आठवणार नाहीत. नऊ जण बाहेर आले आणि एकही परत गेला नाही, हे मात्र ज्याने मैदानावर उभे राहून मोजले आहे, त्याच्या ते सहजी विस्मरणात जाणार नाही. शाळेने हा हिशेब त्यांना आताच करू द्यावा.